एकच निदान, दोन कार्डं : पित्तनळी कशानं अडली यावर सगळं अवलंबून असतं का?

धंतोलीची_लेक | रविवार, रात्री १०:४०

समोर टेबलावर दोन डिस्चार्ज कार्डं घेऊन बसली आहे. एक बाबांचं, मागच्या पावसाळ्यातलं. दुसरं माझ्या मोठ्या आईचं, मागच्या आठवड्यातलं. दोन्हीवर निदानाच्या रकान्यात एकच लिहिलंय, अक्यूट कोलँजायटिस, म्हणजे पित्तनळीचा जंतुसंसर्ग. दोघांनाही सेम हुडहुडी भरून ताप, तीन ब्लँकेटं टाकली तरी दातावर दात वाजत होते, डोळे हळदीसारखे, लघवी काळ्या चहासारखी.

बाबा ७१ वर्षांचे, नळीत ९ एमएमचा खडा निघाला, दुर्बिणीतून काढला, पाचव्या दिवशी घरी. सातव्या दिवशी तर्री पोहे मागत होते. मोठी आई ६६ ची, म्हणजे वयानं लहानच, पण १९ दिवस भरती, त्यातले ६ दिवस आयसीयू, आणि घरी आली ती अर्धी होऊन आली. तिला पित्ताशयाचा कॅन्सर आहे, तो वर लिव्हरच्या तोंडाशी नळ्या दाबून राहिला आहे. दोन महिन्यांआधी स्टेंट (अडलेली वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकला होता, कावीळ उतरली पण होती, मग एका रात्री अचानक ताप.

घरात आता एकच चर्चा चालली आहे की आपण दवाखाना चुकीचा निवडला. दादा तर बोलतच नाही कुणाशी. आजार एकच होता तर एवढा फरक काहून पडला? वय? उशीर? का नळी अडवणारी वस्तूच वेगळी होती म्हणून? कुणाला माहीत असेल तर नीट समजावून सांगा प्लीज, मला धीर नको आहे, कारण पाहिजे.

---

भंडारावाला | रविवार, रात्री ११:०५

ताई, आमच्या घरी पण हेच नाव तीनदा कार्डावर आलंय. पण आमचं ना खडा ना कॅन्सर, तिसरंच काही होतं. उद्या सवडीनं लिहितो. दादाला सांगा असं मनाला लावून घेऊ नका, काळजी घ्या.

---

पोटविकार_डॉक | सोमवार, सकाळी ६:१५

ताई, मी वर्धा रोडला याच विषयात काम करतो. तुमच्या मोठ्या आईची फाईल पाहिलेली नाही त्यामुळे त्यांच्याबद्दल नेमकं बोलणार नाही, पण प्रश्नाचं उत्तर देता येतं.

पहिली गोष्ट, अक्यूट कोलँजायटिस हे अर्धंच निदान आहे. उरलेलं अर्धं म्हणजे नळी कशानं अडली. ज्युनिअर पोरं राउंडला 'सर, कोलँजायटिसचा पेशंट' म्हणाली की मी थांबवतो आणि विचारतो, कशामुळे? ते कळल्याशिवाय पुढचा आठवडा कसा जाईल हे सांगताच येत नाही.

हा आजार व्हायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, अडथळा आणि जंतू. नुसता अडथळा असला तर कावीळ होते, ताप येत नाही. दोन्ही आले की नळीतला दाब चढतो. एरवी हा दाब १० सेंटीमीटर पाण्याच्या आसपास असतो, तो २५ च्या वर गेला की जंतू आणि त्यांचं विष लिव्हरमधून उलटं रक्तात शिरतं. ती हुडहुडी म्हणजे जंतू रक्तात उतरल्याची खूण आहे. आणि अडलेल्या नळीत अँटिबायोटिक पण नीट पोचत नाही, कारण ते पित्तातूनच तिथे जायचं असतं आणि पित्त तर थांबलेलं. म्हणून सलाईनमधून कितीही भारी औषध दिलं तरी नळी मोकळी करणं हाच खरा इलाज.

आता खडा आणि कॅन्सर यातला फरक पाहा. खडा घरच्या टाकीतल्या फ्लोटसारखा वागतो, कधी बसतो कधी उठतो. कावीळ चढते उतरते, नळी एकदम ताणली जाते म्हणून पोटात जोरात दुखतं आणि माणूस दुखण्यामुळेच दवाखाना गाठतो. खड्यावर जंतू आधीच घर करून असतात त्यामुळे अडलं की लगेच ताप. पण इलाज सरळ आहे, दुर्बीण तोंडातून आतड्यापर्यंत न्यायची, नळीचं तोंड थोडं कापून मोठं करायचं, फुग्यानं किंवा जाळीच्या बास्केटनं खडा ओढून घ्यायचा. यालाच ईआरसीपी म्हणतात. कारण आणि आजार दोन्ही एकाच टेबलावर संपतात. बाबांचं हेच झालं.

कॅन्सर हळूहळू दाबत आणतो. दुखत नाही, खाज सुटते, शौच मातकट पांढरी होते, वजन उतरतं, बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं माप) १५-२० पर्यंत जातं तरी माणूस चालता फिरता असतो. गंमत नाही, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे की हात न लावलेल्या कॅन्सरच्या अडथळ्यात पित्त बहुतेक वेळा निर्जंतुक असतं, म्हणून पहिल्या भेटीत ताप क्वचित असतो. आम्ही कावीळ उतरवायला स्टेंट टाकतो आणि तिथून आतड्यातल्या जंतूंना वर जायला वाट मिळते. स्टेंट वाहता आहे तोवर जंतू असूनही त्रास नाही. तो बुजला की मग अडथळा आणि जंतू दोन्ही एका रात्रीत एकत्र येतात. तुमच्या मोठ्या आईला दोन महिन्यांनी 'अचानक' आलेला ताप असा असतो.

ओपीडी आहे, दुपारी पुढचं लिहितो.

---

मौदा_मास्तर | सोमवार, सकाळी ९:३०

डॉक्टरसाहेब खूप सोपं करून लिहिलंत. एक विचारायचं होतं. आमच्याकडे कावीळ म्हटलं की पहिले माळ घालतात, ती दिवसेंदिवस लांब होत जाते ना तीच, आणि कुणी कुणी नाकात औषध सोडतात. शाळेतल्या शिपायाच्या बायकोचं असंच झालं. माळ घालून १२ दिवस घरी ठेवली, ताप येत होता तर क्रोसिन देत होते. मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) नेली तोवर बीपी लागत नव्हतं आणि ती ओळखत पण नव्हती. खडाच होता म्हणे. म्हणजे खडा असला तरी माणूस जाऊ शकतो ना?

---

पोटविकार_डॉक | सोमवार, दुपारी २:५०

मास्तर, हो, जाऊ शकतो. तुम्ही सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे नाहीतर माझ्या सकाळच्या पोस्टवरून लोकांना वाटेल की खडा म्हणजे किरकोळ. कावीळ, हुडहुडीचा ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं या तिघांची जोडी फ्रान्सच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८७७ साली लिहून ठेवली. १९५९ मध्ये रेनॉल्ड्स आणि डार्गन यांनी त्यात आणखी दोन जोडल्या, बीपी पडणं आणि भान हरपणं. शिपायाच्या बायकोला ही पाचही होती. त्या टप्प्याला पोचलेला खड्याचा पेशंट वेळेवर आलेल्या कॅन्सरच्या पेशंटपेक्षा जास्त धोक्यात असतो. आणि शार्कोची तिन्ही लक्षणं एकत्र साधारण चारातल्या एकाच पेशंटमध्ये दिसतात, म्हाताऱ्या माणसात तर नुसता गळाठा आणि थोडी बडबड एवढंच असतं. म्हणून तिन्ही जमा व्हायची वाट पाहू नका.

माळेबद्दल एवढंच सांगतो. काविळीचे बरेच प्रकार, हिपॅटायटिस ए सारखे, आपले आपण बरे होतात, म्हणून माळेला यश येतं. अडथळ्याची कावीळ आपली आपण जात नाही. काविळीसोबत थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, माळ गळ्यात असली तरी चालेल पण माणूस दवाखान्यात पाहिजे.

आता ताईंचा पुढचा भाग. अडथळा कुठे आहे हे पण तेवढंच मोठं कारण आहे. पित्तनळी झाडासारखी समजा, खाली खोड, वर लिव्हरमध्ये फांद्या. खडा बहुधा खोडात, खाली असतो. स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर पण खोडच दाबतो. खोडात एक नळी सरकवली की सगळं झाड वाहायला लागतं. पण पित्ताशयाचा कॅन्सर किंवा फाट्यावरचा पित्तनळीचा कॅन्सर जिथे उजवी डावी फांदी फुटते तिथेच बसतो. मग उजवी वेगळी अडली, डावी वेगळी, उजवीच्याही दोन उपफांद्या वेगळ्या. एका स्टेंटनं एकच फांदी वाहते, बाकीच्या तुंबलेल्याच. निम्म्याहून जास्त लिव्हर मोकळं झालं तर पेशंट सुधारतो, नाहीतर ज्या फांदीत आपण एक्स-रेत नळी दिसायचं औषध सोडलं आणि वाट काढून दिली नाही तिथेच पू होतो. म्हणून अशा केसमध्ये आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय, करून नकाशा पाहावा लागतो, आणि कधी कधी तोंडातून जमत नाही तर बरगडीतून सुई घालून बाहेरून पिशवी लावतात, पीटीबीडी. १९ दिवस यातच जातात हो. दवाखाना बदलून खोडाचा अडथळा फाट्यावर येत नाही आणि फाट्याचा खोडात जात नाही.

---

धंतोलीची_लेक | सोमवार, दुपारी ४:१०

पीटीबीडीच केलं होतं तिला, उजवीकडे पिशवी आणि डावीकडे आतून स्टेंट. आम्हाला वाटलं होतं पहिलं फसलं म्हणून दुसरं केलं. हे फांद्यांचं कुणी असं सांगितलंच नाही. आयसीयूच्या बाहेर दोन मिनिटं भेट मिळायची त्यात फक्त बिलिरुबिन किती आणि बीपी किती एवढंच कळायचं.

दादाला तुमची पोस्ट वाचून दाखवली. काही बोलला नाही पण फोन हातात घेऊन परत स्वतः वाचली.

---

आकडेमोड_नागपूर | सोमवार, संध्या. ६:३५

मी डॉक्टर नाही, मेडिकल रिसर्चचे आकडे तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे एक शंका काढतो, डॉक्टरांनी राग मानू नये. कॅन्सरच्या पेशंटमध्ये मृत्यू जास्त हे खरं धरलं तरी ते 'कारणामुळे' आहे हे सिद्ध कसं करणार? त्यांचं वजन आधीच उतरलेलं, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी, केमो चालू, पांढऱ्या पेशी पडलेल्या, आधी दोन तीनदा भरती होऊन अँटिबायोटिक घेतलेली. म्हणजे खड्याच्या पेशंटशी तुलना करायची तर तेवढाच थकलेला खड्याचा पेशंट शोधावा लागेल. शिवाय ३० दिवसांत माणूस गेला तर तो जंतुसंसर्गानं गेला की कॅन्सरनं हे कार्डावरून ठरवणं फार अवघड आहे, मी स्वतः अशा फायली वाचलेल्या आहेत.

दुसरं, लोक जो जुना गाजलेला अभ्यास सांगतात, हाँगकाँगचा, १९९२ चा. ८२ गंभीर पेशंट, निम्म्यांना दुर्बिणीतून नळी मोकळी केली, निम्म्यांचं पोट उघडून ऑपरेशन. दुर्बिणीच्या गटात मृत्यू १०%, ऑपरेशनच्या गटात ३२%. त्यानं सगळ्या जगाची पद्धत बदलली, योग्यच बदलली. पण ते सगळे पेशंट खड्याचे होते. तो १० चा आकडा घेऊन कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांना आशा दाखवणं किंवा भीती घालणं, दोन्ही चूक आहे.

---

पोटविकार_डॉक | सोमवार, रात्री ९:२०

राग कसला, उलट हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच पाहिजे होता. तुमचं बरोबर आहे, कॅन्सरच्या पेशंटचा जास्त धोका हा काही प्रमाणात त्याच्या खंगलेल्या शरीराचा धोका आहे. जगभर गंभीरपणा मोजायला टोकियो गाईडलाइन्स वापरतात, २००७ ची पहिली, मग २०१३ आणि २०१८. त्यात तीन ग्रेड आहेत. ग्रेड ३ म्हणजे अवयव बसायला लागला, बीपीला औषध लागतं, भान नाही, क्रिएटिनिन (किडनीचं माप) २ च्या वर, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) दीडच्या वर, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, असं कुठलंही एक. ग्रेड २ मध्ये वय ७५ च्या पुढे, ताप ३९ डिग्री, बिलिरुबिन ५ च्या वर, पांढऱ्या पेशी १२ हजारांवर किंवा ४ हजारांखाली, अल्ब्युमिन बरंच कमी, यातले कुठलेही दोन. आणि पाहा, नळी कशानं अडली याला या ग्रेडमध्ये एकही मार्क नाही! पहिल्या रात्रीसाठी ते ठीकच आहे, कारण पहिल्या रात्री शरीर किती झेलतंय हेच पाहायचं असतं आणि नळी मोकळी करायची घाई त्यावरच ठरते. शॉकमध्ये असेल तर १२ तासांच्या आत, बाकी भरती झालेल्यांना साधारण ४८ तासांत मोकळी व्हावी असा प्रयत्न असतो.

पण एक गोची होते. कॅन्सरचा पेशंट मुळातच बिलिरुबिन १७ आणि अल्ब्युमिन कमी घेऊन येतो, म्हणजे जंतुसंसर्ग जेमतेम असला तरी ग्रेड २ चे दोन मार्क आधीच पडलेले. उलट खड्याचा पेशंट बिलिरुबिन ४ घेऊन ग्रेड १ मध्ये बसतो आणि आत पू साठलेला असतो. म्हणून मी आकडा पाहतो आणि कारणही पाहतो, एकट्या आकड्यावर विसंबत नाही.

आणि शरीराचा थकवा बाजूला काढला तरी कारणाचा आपला वाटा उरतोच असं माझं ठाम मत आहे, तीन गोष्टींमुळे. खडा काढता येतो, गाठ तिथेच राहते. दुसरं, स्टेंट असलेल्या नळीतले जंतू वेगळे. घरून पहिल्यांदा आलेल्या खड्याच्या पेशंटमध्ये बहुधा ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला, साध्या औषधाला दबणारे असण्याची शक्यता जास्त. वारंवार भरती आणि स्टेंट झालेल्यांमध्ये एन्टेरोकॉकस, स्युडोमोनास, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारे. पहिलं औषधच चुकीचं पडलं तर दोन दिवस गेले. म्हणून अशा पेशंटचा जुना कल्चर रिपोर्ट (कोणते जंतू, कुठल्या औषधाला दबतात तो) सोन्यासारखा जपा, फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. तिसरं, फाट्यावरचा अडथळा, तो सकाळी... म्हणजे दुपारी लिहिलाच आहे.

---

सिस्टर_अजनी | सोमवार, रात्री १०:४५

मी एंडोस्कोपी युनिटला १४ वर्षं आहे. नातेवाईक बाहेर असतात त्यांना काय चाललंय दिसत नाही म्हणून सांगते.

खड्याच्या केसमध्ये वायर नळीत गेली की नळीच्या तोंडातून पिवळटपांढरा पू असा दाबानं येतो, स्क्रीनवर सगळं धुरकट होऊन जातं, डॉक्टर आधी तो ओढून घेतात, एक्स-रेचं औषध जास्त सोडत नाहीत कारण आधीच दाब असतो. पेशंट फार सिरीयस असला तर त्या दिवशी खडा काढायच्या भानगडीत पडत नाहीत, नुसता छोटा स्टेंट टाकून पाच दहा मिनिटांत बाहेर, खडा नंतर. नातेवाईक मग म्हणतात 'खडा तर काढलाच नाही, पैसे कशाचे घेतले'. अहो जीव त्या स्टेंटनं वाचवला असतो. पू वाहून गेला की संध्याकाळपर्यंत बीपी सुधारतं, मी डोळ्यांनी पाहिलंय, सकाळी न ओळखणारी आजी रात्री सुनेला चहा का नाही आणला म्हणून विचारते.

आणि बुजलेला स्टेंट काढला की तो मी नेहमी ट्रेमध्ये धरून पाहते. प्लास्टिकचा स्टेंट जाडजूड वाटतो पण १० फ्रेंचचा असला तरी बाहेरून फक्त ३.३ एमएम, आतलं भोक त्याहून बारीक. आतमध्ये हिरवटकाळा लगदा भरलेला असतो, ओल्या चहापत्तीसारखा, सिरिंजनं पाणी मारलं तरी पलीकडे थेंब जात नाही. एका बाजूचं भोक पाहिलं तर दुसऱ्या बाजूचा उजेड दिसत नाही. म्हणून तीन महिन्यांत बदलायला बोलावतात. मेटलची जाळी उघडली की १० एमएम होते, ती जास्त महिने चालते, महाग असते, आणि गाठ तिच्यात पण वाढते.

प्लास्टिकचा स्टेंट ज्यांना टाकलाय त्यांनी तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहा. 'कावीळ उतरली, जेवण जातंय, कशाला जायचं' म्हणून आले नाहीत असे किती पेशंट मग रात्री २ वाजता ॲम्ब्युलन्समधून येतात. बालाघाट, गोंदिया, गडचिरोली, इतक्या लांबून. रस्त्यातच बीपी गेलेलं असतं.

---

काटोल_संत्रा | मंगळवार, सकाळी ७:००

खडा काढला म्हणजे संपलं असं कुणी समजू नका, मी स्वतः भोगलंय. माझ्या नळीतला खडा दुर्बिणीनं काढला, डॉक्टर म्हणाले पित्ताशयात अजून खडे आहेत, याच भरतीत पित्ताशय काढून घ्या. मी म्हणालो अंबिया बहाराची तोडणी आहे, व्यापारी बागेत उभा आहे, दोन महिन्यांनी येतो. दोन महिने कुठले, पाचव्या आठवड्यात दुसरा खडा घसरला, परत तीच थंडी, या वेळेस स्वादुपिंडाला पण सूज, ११ दिवस. तोडणी तर पोरानं केलीच शेवटी, मी नसल्यानं एक झाड पण तसंच राहिलं नाही. आता पित्ताशय काढून तीन वर्षं झाली, काहीच त्रास नाही.

---

भंडारावाला | मंगळवार, सकाळी ११:२०

लिहितो म्हटलं होतं, आता लिहितो. बायकोचं पित्ताशय ९ वर्षांआधी काढलं होतं, एका छोट्या दवाखान्यात, नाव घेत नाही. सहा महिन्यांनी थंडी वाजून ताप, डोळे थोडे पिवळे, दोन दिवसांत उतरलं. सगळे मलेरिया म्हणत होते, आमच्याकडे धानाच्या बांधीत मच्छर भरपूर, पटायचं पण. मलेरियाच्या गोळ्या दोनदा खाल्ल्या बिचारीनं. वर्षभरानं परत. तेव्हा नागपूरला आणलं, एमआरसीपीत कळलं की ऑपरेशनच्या वेळी नळीला इजा झाली होती आणि तिथे नळी आक्रसून सुतासारखी झाली आहे. म्हणजे ना खडा ना कॅन्सर.

आम्हाला सांगितलं दोन रस्ते आहेत, एक वर्षभर दर तीन महिन्यांनी दुर्बिणीतून स्टेंट वाढवत न्यायचे आणि नळी ताणायची, नाहीतर मोठं ऑपरेशन करून आतडं थेट नळीला जोडायचं. स्टेंटचं जमलं नाही कारण नळी पार कापल्यासारखी होती, मग आतडं जोडलं. सहा वर्षं झाली, मधात एकदा ताप आला, औषधानं बसला. ती शेतावर जाऊन राहिली आहे, लेकीचं लग्न केलं आम्ही. उशीर झाला असता तर लिव्हरच कडक झालं असतं म्हणाले डॉक्टर.

ताई, आमचा अडथळा तुमच्या बाबांएवढा सोपा नव्हता आणि मोठ्या आईएवढा कठीण पण नव्हता. नाव मात्र तेच.

---

पोटविकार_डॉक | मंगळवार, दुपारी ३:३०

भंडारावाले भाऊ, हीच ती तिसरी वाट. साध्या आकुंचनात जीव जायचा धोका एका झटक्यात कमी असतो, पण झटके येत राहतात आणि प्रत्येक झटका लिव्हरला थोडा थोडा खातो, दुर्लक्ष केलं तर सिऱ्हॉसिस. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर कधीही, महिन्यानं नाहीतर पाच वर्षांनी, हुडहुडी आणि पिवळेपणा आला तर डॉक्टरला ऑपरेशनचं आवर्जून सांगायचं. मलेरियाची तपासणी करा पण सोबत बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि सोनोग्राफी पण करा. सोनोग्राफीत नळी फुगलेली दिसते, खालच्या टोकाचा खडा मात्र आतड्यातल्या गॅसमुळे सुटून जाऊ शकतो, म्हणून 'सोनोग्राफीत खडा नाही' याचा अर्थ खडा नाही असा घेऊ नका.

एक राहिलं. कॅन्सरची कावीळ दिसली की लगेच स्टेंट टाका असा आग्रह घरचे धरतात. स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर ऑपरेशन होण्यासारखा असेल आणि ऑपरेशन लवकर होणार असेल तर थांबणं बरं. नेदरलँड्सचा २०१० चा अभ्यास आहे, आधी स्टेंट टाकून मग ऑपरेशन केलेल्यांत गंभीर गुंतागुंत ७४%, थेट ऑपरेशन केलेल्यांत ३९%. निर्जंतुक नळीत आपणच जंतू नेतो ना. पण ताप असेल तर हा हिशेब लागू नाही, तेव्हा नळी मोकळी करावीच लागते.

---

आकडेमोड_नागपूर | मंगळवार, दुपारी ४:०५

पटलं. गाठ तिथेच राहते हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मी ३० दिवसांच्या मृत्यूत अडकलो होतो, पण वर्षभरात किती वेळा भरती व्हावं लागलं हे मोजलं तर कारणाचा फरक तिथे जास्त स्वच्छ दिसेल. काटोलच्या काकांचा झटका पित्ताशय काढल्यावर थांबला, मोठ्या आईंचा प्रत्येक स्टेंटबरोबर परत येऊ शकतो.

---

धंतोलीची_लेक | मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं. एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. मोठ्या आईला पहिला ताप शुक्रवारी रात्री आला होता आणि आम्ही तिला रविवारी सकाळी नेलं. वाटलं एसी लावून झोपली म्हणून सर्दीताप असेल, बाहेर ४४ डिग्री होतं. डॉक्टर, खरं सांगा, त्या दीड दिवसानं फरक पडला का?

---

पोटविकार_डॉक | मंगळवार, रात्री १०:३०

खरं सांगतो. पडला असणार. स्टेंट असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर दीड दिवस हा मोठा वेळ असतो, आयसीयूचे काही दिवस कदाचित वाचले असते. पण तुम्हाला हे माहीत नव्हतं कारण सुट्टी देताना कुणीतरी बसून सांगायला पाहिजे होतं आणि ते सांगितलं गेलं नाही, ती चूक आम्हा डॉक्टर लोकांची आहे. आणि शुक्रवारी रात्री नेलं असतं तरी गाठ फाट्यावरच असती, पिशवी आणि स्टेंट लागलेच असते, बाबांसारखं पाचव्या दिवशी घरी आलंच नसतं. दादाला दोन्ही गोष्टी सांगा, अर्धी सांगू नका.

पुढच्यासाठी, पिशवीतलं पित्त रोज मोजून वहीत लिहा. एकदम कमी झालं, बाजूनं गळायला लागलं, रंग गढूळ झाला किंवा रक्त दिसलं तर फोन. थंडी वाजली तर फोन न करता थेट भरती. रात्रीचे कितीही वाजले तरी.

---

सिस्टर_अजनी | मंगळवार, रात्री १०:५०

आणि पिशवी नेहमी कमरेच्या खाली, झोपताना पलंगाच्या कडेला लटकवायची, उशीजवळ ठेवायची नाही. नळी अंगाखाली दबली का ते कूस बदलल्यावर पाहायचं. पित्ताबरोबर मीठपाणी पण जातं, भरपूर जात असेल तर कमजोरी येते, किती जातंय ते डॉक्टरांना दाखवा.

---

धंतोलीची_लेक | बुधवार, सकाळी ८:१५

काल रात्री दादानं शाळेची जुनी वही शोधली, रेघा मारल्या, तारीख, वेळ, किती एमएल, रंग, ताप. आज सकाळी ६ चं पहिलं माप त्यानंच घेतलं. २१० एमएल, सोनेरी पिवळं, ताप नाही. मग कॅलेंडरवर डावीकडच्या स्टेंटची तारीख लाल पेननं लिहिली. मोठी आई पलंगावरून पाहत होती, म्हणाली त्या तारखेला तर पोळा आहे रे. दादा म्हणाला, मग पोळ्याच्या आदल्या दिवशी जाऊ.